फ्लॉपीच्या कपाळी कुंकू

प्रिय ईशान आणि मुक्ता,

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर ईशान फार वैतागलेला होता. नवा लॅपटॉप मिळाला, पण कामाचं ते मोठं सॉफ्टवेअर त्यावर अजून कोणी बसवून दिलेलं नाही, आणि त्याच्याशिवाय प्रोग्रॅम डेटाबेसला जोडताच येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मी हसले. "आजी, हसतेस काय?" असं त्याने विचारलं आणि मी सांगायला लागले, तेवढ्यात मुक्ताची बस आली, ईशानला कोणीतरी बोलावलं, आणि माझी गोष्ट "मग आईने कुंकू लावलं" इथेच थांबली. अर्धवट सोडलेलं काम मला रात्रभर टोचत राहतं, हे तुमच्या आईला विचारा. शिवाय ती गोष्ट पाहिलेल्यांपैकी आता मी एकटीच आहे. म्हणून सगळी लिहून काढते. मराठी वाचायला वेळ लागेल, लागू दे.

आमचं घर बारामतीत, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे आबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि मागे आम्ही. आबा म्हणजे माझे वडील. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी काटेवाडीहून, कळसहून, कुठकुठून ट्रॉलीत घालून यायच्या, आणि आबा त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी भरायचे. तार गुंडाळायच्या यंत्राला एक मोजणारं चक्र होतं, ते प्रत्येक वेढ्याला 'कट्' करायचं. त्या आवाजावर मी शाळेचा अभ्यास केला, त्याच आवाजावर दुपारी झोपले. नव्या तारेवर चढवायच्या व्हार्निशचा वास आमच्या भाताला, अंथरुणाला, अगदी लोणच्याच्या बरणीलासुद्धा असायचा. पुण्याला मावशीकडे राहून बी.एस्सी. करताना मला पहिले काही दिवस जेवणच जाईना, आणि का ते कळेना. सुट्टीत घरी आले, ताटावर बसले, वास आला, आणि पोटभर जेवले. आजही रंगाच्या दुकानावरून जाताना मला भूक लागते. तुमचे आजोबा यावर हसतात.

आई चौथी शिकलेली. पण हत्याराचा मान तिच्याइतका कोणी ठेवलेला मी पाहिला नाही. विळी वापरून झाली की धुऊन, पुसून, पातं भिंतीकडे करून ठेवायची. आबांची पक्कड जमिनीवर पडलेली दिसली तर उचलून कपाळाला लावायची आणि मग आबांना ऐकवायची, "ही खाऊ घालती तुमास्नी, अन् हिला पायाखाली घेताय." आबा मुकाट्याने पक्कड खिळ्याला अडकवायचे.

पदवीनंतर मी पुण्यात कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि परत आले. त्या सुमारास इंदापूरच्या एका संस्थेने कॉम्प्युटर घेतला होता. कळस, शेळगाव आणि आसपासच्या गावांतल्या सभासदांच्या उसाच्या नोंदी ती संस्था ठेवायची आणि लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेप्रमाणे कोणाचा ऊस कधी तोडायचा, तो क्रम लावून द्यायची. मशीन आलं होतं, पण चालवायला माणूस नव्हता. आबांच्या ओळखीने मला बोलावणं आलं. आबा म्हणाले, "दिवाळीपत्तोर कर. मग बघू." हे 'मग बघू' म्हणजे स्थळं बघू, हे घरात तिघांनाही कळत होतं. मला दिवाळीनंतरही ती सकाळची एसटी पकडायची होती. खिडकीची जागा, मांडीवर डबा, काटेवाडीच्या पुढे दोन्ही बाजूंना लागणारा ऊस, आणि उतरल्यावर जिथे माझी वाट पाहणारं काम आहे अशी एक खोली. एवढंच हवं होतं, पण फार हवं होतं.

त्या खोलीचा थाट काय सांगू! मशीनला धूळ चालत नाही म्हणून खाली जाजम, खिडक्यांना पडदे, आणि चपला दाराबाहेर. चेअरमन तात्यासुद्धा पायताण बाहेर काढून आत यायचे आणि नकळत आवाज खाली आणायचे. आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर मी संध्याकाळी मशीनवर घालायची. मशीनच्या पोटात तेव्हा काही साठत नसे. सगळं फ्लॉपीवर. काळा, पातळ, तळहाताहून जरा मोठा चौकोन, त्याच्या आत एक गोल तबकडी, आणि चौकोनाला एक लांबट उघडी खिडकी. मशीन त्या खिडकीतूनच तबकडी वाचायचं. एका फ्लॉपीवर मशीन सुरू करायची सामग्री, एकीवर सभासदांच्या नोंदी, आणि एकीवर डेटाबेसचं पॅकेज. पॅकेज म्हणजे ईशान, तू ज्याच्यावाचून अडलास तेच: प्रोग्रॅम लिहायची जागा, तो चालवायची जागा, चूक दाखवणारी पाटी आणि नोंदींची फाईल उघडणारी किल्ली, सगळं एकाच घरात. ऑफिसात उंदीर होते, म्हणून ही महागाची फ्लॉपी मी रोज घरी न्यायची. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तिची एक जादा प्रत केली होती. तीही घरी न्यायची.

नवरात्र आलं. आमच्याकडे घटावर फुलोरा बांधतात, त्याला कडाकण्या टांगतात: रवा-मैद्याच्या, गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या, तळून पापडासारख्या कडक झालेल्या गोल पुऱ्या. आईने त्या तळल्या की घरात व्हार्निशचा वास पहिल्यांदा हरायचा. खंडेनवमीला सकाळी मी झेंडू आणायला मंडईत गेले होते. परत आले तर आईची पूजा मांडून झाली होती. मोठ्या पाटावर आबांची पक्कड, हातोडी, पाने, तार गुंडाळायचं यंत्र. शेजारी आईची विळी, उलथनं, वरवंटा. आणि बाजूला एका लहान पाटावर, नव्या खणावर, माझ्या दोन फ्लॉप्या. पांढऱ्या पाकिटातून काढलेल्या. त्या लांबट खिडकीवर, थेट तबकडीवर, ओलं हळदकुंकू.

"आई, हे काय?"

"तुझी हत्यारं. आबांची हायती, माझी हायती. तुझी नकोत व्हय?"

"पण पाकीट का काढलंस?"

"टोपडं घालून कुनी पूजा करतं का?"

"आणि कुंकू नेमकं तिथंच?"

"बाकी समदं काळं. तेवढंच चकचकीत उघडं हुतं." मग जरा बिचकून, "मला वाटलं, ते कपाळ हाय."

"आणि दोघींना लावलंस?"

"एकीला लावून दुसरीला तसंच ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

मी एक फ्लॉपी उचलून उजेडाकडे धरली. आबा ओल्या केसांनी बाहेर आले, एकदा पाटाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "वायंडिंगवर पाणी पडल्यागत झालं काय गं?" मी मान हलवली. "मग गेलं," आबा म्हणाले. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. मोटारीचं निदान सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पण ते आईने ऐकलं. तिने आरती केली, नैवेद्य दाखवला, आम्हाला वाढलं, आणि स्वतः ताटातली कडाकणी तशीच ठेवून उठली. आमच्या घरी मुलीच्या नावाची हत्यारं पाटावर मांडण्याची ती पहिलीच वेळ होती. मला रागवायला जागाच नव्हती.

दसऱ्यानंतर कामावर जायला निघाले तर आई लुगडं बदलून दारात उभी. "म्या येती. म्या केलंय, म्याच सांगती." तिला नको म्हणण्यात अर्थ नव्हता.  डबा तिने दोघींचा घेतला होता. ऑफिसात मी दोन्ही फ्लॉप्या घालून पाहिल्या. स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या होत्या, पण डाग गेले नव्हते; मशीन घरघरलं, कुरकुरलं, आणि वाचता येत नाही असं इंग्रजीत म्हणालं. पुण्याच्या विक्रेत्याला ट्रंक कॉल लावला. नवी प्रत दिवाळीनंतर, माणूस तिकडे येईल तेव्हा, असं उत्तर आलं. नोंदींची फ्लॉपी कपाटात सुखरूप होती. माल शाबूत, आणि कुलपाची किल्ली गेलेली.

तात्या आले, चपला काढल्या. आई उठून उभी राहिली. "तात्या, पोरीचा दोष न्हाय. म्या कुंकू लावलं मशीनच्या तबकडीला. खंडेनवमीचं."

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागले. "कुंकू लावलं आन मशीन काय सासरी नांदाया गेलं व्हय?"

उघड्या दारापलीकडे, शेजारच्या खोलीत, सचिव गुंडूराव बसले होते. इतकी वर्षं तोडणीचा क्रम तेच लावायचे, सतरंजीवर कागदाचे कपटे मांडून, पंधरा-पंधरा दिवस. प्रामाणिक माणूस, पण क्रम हाताने लावला की कोणी ना कोणी म्हणायचंच, गुंडूरावांनी अमक्याला पुढं घेतलं. मशीन त्याकरताच आणलेलं. त्यामुळे मशीनशी त्यांचं वाकडं होतं. ते म्हणाले, "आमच्या पेनाला दरसाल कुंकू लावतो आमी. पेन उलट झकास चालतं."

"गुंडूराव, गप बसा," तात्या म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून गंभीर झाले. "हे बघ सुमन, सोमवारी सभासदांची मीटिंग हाय. तोडीचा क्रम तवा वाचून दाखवायचाच. मशीनमधून निघाला तर निघाला. न्हाय तर गुंडूराव हातानं लावतील, आन मशीन जाईल पुण्याला परत. मग तुला तरी हितं बसवून काय करू?"

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती बाकावर जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून सोमवारपर्यंत रोज माझ्याबरोबर येऊन तिथेच बसली. घरचं काय, विचारलं तर म्हणायची, "आबांना भाकरी थापता येती. वाकडी येती, पर येती."

माझ्याजवळ काय उरलं होतं, ते मी आधी नीट मांडून पाहिलं. मशीन सुरू करायच्या फ्लॉपीवर एक साधी, फुकट मिळालेली प्रोग्रॅमची भाषा होती, शाळकरी पोरांनी शिकावी अशी. तिला आमची फाईल म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं. शिवाय पॅकेजबरोबर आलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ज्याची शेवटची पानं कोणी उघडलेली नव्हती; ती अजून एकमेकांना चिकटलेली होती. पहिल्या दिवशी मी नुसतं त्या फाईलला म्हटलं, पडद्यावर उमट. मशीन किंचाळलं, पडद्यावर हसरे चेहरे आणि पत्त्यांतले बदाम सांडले, आणि त्या सगळ्या गोंधळाच्या मागून इंग्रजी मोठ्या अक्षरांत एक नाव आलं. मग गाव. मग लागणीची तारीख. मग लगेच पुढचं नाव. मध्ये ओळ नाही, रेघ नाही, माळेसारखं एकाला एक लागून. "दिसतायत गं आई," मी ओरडले, "सगळी आत आहेत!" आई बाकावरून उठली, चष्मा नव्हताच, पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "मग बाहेर काढ की."

पुस्तकाची चिकटलेली पानं मी पट्टीने सोडवली. त्यांत लिहिलं होतं की फाईलच्या सुरुवातीला रकान्यांची नावं आणि प्रत्येकाची रुंदी असते, आणि त्यानंतर प्रत्येक नोंद अगदी सारख्या लांबीची. बस्स, एवढंच. नावाला इतकी घरं, गावाला इतकी, तारखेला इतकी. नाव लहान असेल तर उरलेली घरं रिकामी. मग पॅकेज कशाला हवं? सुरुवातीचा भाग सोडून द्यायचा आणि तेवढी तेवढी अक्षरं कापत जायचं, आई शेवयांचे सारखे तुकडे करायची तसं. मी चौकटीच्या कागदावर घरं आखली. आई एका ओळीवर बोट ठेवून बसायची, म्हणजे मी पडद्याकडे बघून परत आले की माझी जागा हरवत नसे. लिहिलेला प्रोग्रॅम दुरुस्त करायला धड सोय नव्हती. एक ओळ चुकली तर ती पुन्हा अख्खी लिहायची. त्यात दुपारी वीज जायची. मग आम्ही डबा उघडायचो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथी, आणि फुलोऱ्यावरून उतरवलेल्या कडाकण्या. मोडल्या की त्यांचा असा काही कडाड आवाज व्हायचा की गुंडूराव शेजारच्या खोलीतून विचारायचे, "मशीन मोडलं का काय?" तिसऱ्या दिवशी आईने त्यांना दोन कडाकण्या नेऊन दिल्या. त्यानंतर ते टोमणे मारायचे, पण दारात उभं राहून, आत बघत.

शुक्रवारी पहिली यादी निघाली. वरची दोन-तीन नावं बरोबर दिसली आणि मला वाटलं, जिंकलं. गुंडूराव चपला काढून प्रथमच आत आले आणि कागद हातात घेऊन वाचू लागले. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा खुलला. "सुमनताई, तुमच्या मशीनमध्ये समदे लोक गाव सोडून चालल्यात बगा. ह्याच्या आडनावाचं शेपूट खाली गेलंय. हा निम्मा शेळगावात आन निम्मा तारखेत." खरंच, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका घराने सरकलेली होती, आणि खाली जाता जाता सगळं तिरकं झालं होतं. मी कागद तसाच घरी आणला. आबांनी तो हातात धरून तिरका केला, सरळ केला. "दर वेढ्याला एकच सरकतंय, म्हंजी दर वेढ्याला तू एकच इसरतीस," म्हणाले आणि जेवायला बसले.

शनिवारी पुन्हा ती शेवटची पानं. प्रत्येक नोंदीच्या आधी एक घर असतं, जे कोणत्याच रकान्यात मोजलेलं नसतं. बहुधा रिकामं. नोंद रद्द केली तर त्या घरात एक चांदणी पडते, इतकंच. नोंद जाते कुठेच नाही. पॅकेज ती लपवायचं, म्हणून मला कधी दिसलीच नव्हती. ते एक घर धरलं आणि सगळी माणसं आपापल्या गावी परतली. सरळ रांगेत. आणि मधेच एका नावाआधी चांदणी. कळसचे एक म्हातारे सभासद पावसाळ्यात वारले होते. मीच त्यांची नोंद रद्द करून त्यांच्या बायकोचं नाव घातलं होतं. आईने विचारलं, "ही चांदनी कसली?" मी सांगितलं.

"पुसलेलं नाव अजून हाय तितं?"

"हाय. फक्त यादीत घ्यायचं नाही."

"बरं हाय," आई म्हणाली. तिने तेव्हा बोट त्या ओळीवर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवलं. चांदणी दिसली की पुढे जा, अशी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली. गंमत बघा, आज मी आईबद्दल लिहिते आहे तर मला तिचं लुगडं, तिची विळी सोडून आधी ते बोट दिसतं.

तारखा आम्ही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा घातलेल्या होत्या, त्यामुळे क्रम लावणं सोपं गेलं. सोमवारी सकाळी प्रिंटर कर्रर्र करत भोकाभोकांचा कागद ओकू लागला आणि बाहेर जमलेले सभासद चपला काढून दारात गर्दी करू लागले. गुंडूरावांनी त्यांच्या हाताने लिहिलेल्या वहीतली काही नावं मधून मधून ताडून पाहिली. पाहून झाल्यावर चष्मा पुसला. "लागतंय," म्हणाले. मला त्या एका शब्दाइतकं प्रशस्तिपत्रक नंतर कोणी दिलं नाही.

मीटिंगमध्ये तात्यांनी कागद उघडला आणि थांबले. नावं इंग्रजीत, मशीनला तेव्हा मराठी येत नव्हतं. कळसचे एक आजोबा म्हणाले, "तात्या, माझं नाव हितं हाय का न्हाय, मला कसं कळायचं?" तात्यांनी कागद माझ्या हातात दिला. "वाच गं पोरी. मोठ्यानं."

मी उभी राहिले. इतक्या पुरुषांपुढे तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पहिली दोन नावं मी कागदाकडे बघत पुटपुटले. मागून आवाज आला, "ऐकू येत न्हाय!" आणि तो आवाज आईचा होता. सगळे वळून बघायला लागले. मी मोठ्याने वाचायला लागले: नाव, गाव, लागणीची तारीख. एकेक जण मान हलवायचा, कोणी म्हणायचा, "व्हय, बराबर." शेळगावच्या एकाने हरकत घेतली, माझा शेजारी माझ्या आधी कसा? शेजारी म्हणाला, "तुझ्या आधी चार दिस लावला की, माझंच बेणं नेलंस तू." खसखस पिकली आणि पुढचं नाव आलं. यादी संपली तेव्हा माझा घसा बसला होता आणि कोणी गुंडूरावांकडे संशयाने बघत नव्हतं. ते त्यांना जाणवलं असावं, कारण चहा त्यांनीच सांगितला.

"मशीन ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "आन ही पोरगी बी. दिवाळी झाली तरी." मग आईकडे बघून, "मामी, फुडल्या खंडेनवमीला मात्र आधी पोरीला इचारा, कपाळ कुठं हाय ते."

परतीच्या एसटीत आईने पिशवीतून शेवटची कडाकणी काढली, मोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. खंडेनवमीपासून तिने गोड खाल्लेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आबांनी रात्री सगळं ऐकलं आणि "मग बघू" हे दोन शब्द पुढची दोन वर्षं त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. त्यानंतर जे झालं, म्हणजे माझं लग्न, तुमची आई, पुढची नोकरी, ते तुम्हाला ठाऊक आहे.

ती संस्था आता नाही, ते मशीन भंगारात गेलं, आणि माझा तो प्रोग्रॅम कुठेच उरलेला नाही. दिवाळीनंतर पॅकेजची नवी प्रत आली आणि मी तीच वापरू लागले. ईशान, तुलाही तुझं सॉफ्टवेअर मिळालं की तू तेच करशील, आणि बरोबरच आहे. फक्त तोवर हातावर हात ठेवून बसू नकोस.

त्या दोन फ्लॉप्यांपैकी एक तुमची आई तिकडे जाताना घेऊन गेली. तिच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली बघा. दुसरी माझ्याकडे आहे. खंडेनवमीला मी तिला पाटावर ठेवते, आबांची पक्कड आणि आईची विळी यांच्या शेजारी, पाकिटातून काढून. हळद फिकी झाली आहे. कुंकू अजून आहे.